शाळा आणि पाऊस एकाच आठवड्यात: लहान मुलांच्या घरची तयारी

आगोटकर

मे संपत आला. अंगणात सोलं वाळतायत, पुरुमेत (पावसाळ्यासाठीचा घरचा साठा) भरून होत आलाय आणि शाळा सोळा-सतरा दिवसांवर आली. गोव्यात पाऊस साधारण ५ ते ७ जूनच्या सुमारास पोचतो आणि शाळेची घंटाही त्याच आठवड्यात वाजते. त्यामुळे बाहेरच्या तयार याद्या आपल्याला अर्ध्याच उपयोगी पडतात. त्यात दप्तर, डबा, बाटली सगळं असतं. न वाळणारा गणवेश, बुरशी धरलेले बूट आणि पहाटे गेलेली वीज नसते.

या धाग्यात बालवाडी ते पाचवी एवढंच वय धरू. घरचे किस्से नकोत. काय, किती, कसं आणि कुठे फसतं, एवढंच लिहा.

सुरुवात झोपेपासून करतो, कारण तिलाच सगळ्यांत जास्त दिवस लागतात.

मुलाला रात्री लवकर निजवण्यापासून सुरुवात केली की हमखास फसतं. झोप न आलेलं मूल तासभर अंथरुणात लोळतं, पाणी मागतं, शू मागतं आणि घरातल्यांचा पारा चढतो. आधी उठायची वेळ ओढायची, निजायची वेळ तिच्या मागून येते. साडेआठला उठणाऱ्याला साडेसहावर आणायचं म्हणजे दोन तास, १५ मिनिटांचे आठ टप्पे. एका टप्प्याला दोन दिवस धरले तर १६ दिवस. म्हणूनच धागा आज काढला.

उठल्या उठल्या बाल्कांवात (दारापुढच्या ओसरीवर) नाहीतर अंगणात न्या, दात तिथेच घासू द्या. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की रात्रीची झोपही लवकर येते. दुपारची झोप साडेतीनच्या आत आटपायची. ३ ते ५ वर्षांच्या मुलाला दुपारची धरून १० ते १३ तास झोप लागते, ६ ते १२ वर्षांच्याला ९ ते १२ तास. पहिलीतलं पोर साडेसहाला उठवायचं असेल तर त्याचा दिवा साडेआठ-नऊला मालवलेला हवा. मोठ्यांची टीव्हीवरची मालिका संपल्यावर नव्हे.

आणि रविवार. त्या दिवशी दोन तास जास्त झोपू दिलं तर सोमवारी सगळं मूळ पदावर. अर्धा तास सूट पुरे.

दोन_वेण्या

आजोळहून मुलं शाळेच्या दोन दिवस आधीच परततात, अशा घरांनी काय करायचं? टप्पे पाडायला जागाच नाही.

आगोटकर

मग टप्पे विसरा. परतल्याच्या दुसऱ्या दिवशी सरळ शाळेच्या वेळेला उठवा. पाच वर्षांवरच्या मुलाला त्या दिवशी दुपारी झोपू देऊ नका, जेवण सातला आणि दिवा साडेआठला बंद. पुढचे चार-पाच दिवस संध्याकाळी किरकिर होणारच. तेवढ्या दिवसांत शिकवणी, नाचाचा वर्ग, पाहुणे यांतलं काहीच नवीन सुरू करू नका. जमलं तर आजोळच्या लोकांनाच आजपासून उठवायला सांगा. आजी-आजोबा पहाटे उठलेलेच असतात.

इस्त्रीपेटी

गणवेशावर लिहिते. जोड तीन हवेत. एक अंगावर, एक दोरीवर, एक कपाटात. दोनांत भागवायचा हिशोब जुलैत मोडतो, कारण सलग पाऊस लागला की आतल्या दोरीवरचा कपडा चोवीस तासांत वाळेलच असं नाही. जाड खाकी किंवा ड्रिलची चड्डी असेल तर दीड-दोन दिवस धरा. शर्ट दोन आणि चड्डी-स्कर्ट तीन अशीही वाटणी चालते, वाळायला वेळ खालचाच कपडा घेतो.

वास का येतो ते आधी समजून घ्या. कपडा बराच वेळ ओलसर राहिला की त्यात जिवाणू वाढतात, तो वास त्यांचा. वर सुगंधी द्रव ओतून वास दबतो, जात नाही. उपाय एकच: ओलसरपणाचे तास कमी करायचे.

मी लावून दिलेला क्रम असा:

मूल घरी आलं की गणवेश लगेच उतरवून पसरायचा. ओला गोळा बादलीत टाकून ठेवला तर पुढचं सगळं फुकट. धुताना साबणाची पूड कमी घाला. जास्त झाली तर पूर्ण निघत नाही आणि तोच थर पुढे ओल धरून ठेवतो. यंत्र असेल तर शेवटचं पिळणं दोनदा फिरवा. हाताने धुणारे असाल तर पिळलेला कपडा कोरड्या टॉवेलवर पसरा, दोन्ही गुंडाळून सुरळी करा आणि तिच्यावर गुडघा देऊन दाबा. टॉवेल बरंच पाणी ओढून घेतो आणि दोन-तीन तास वाचतात.

वाळत घालताना शर्ट हँगरला, सगळी बटणं उघडी. चड्डी उलटी, खिसे बाहेर काढलेले, कमरपट्टा वर. दोन कपड्यांत चार बोटं अंतर. पंखा छतावरचा नको, टेबलपंखा जमिनीवर ठेवून आडवा वारा द्या आणि एक खिडकी चार बोटं उघडी ठेवा. दारं-खिडक्या गच्च लावून पंखा फिरवला तर खोलीतलीच दमट हवा गोल गोल फिरते, कपडे तसेच.

शेवटची ओल कॉलर, बटणपट्टी आणि कमरेचं इलॅस्टिक इथे राहते. ती इस्त्रीने काढायची, पण आदल्या संध्याकाळी. पहिल्या पावसात वीज कधी जाईल याचा नेम नाही. सकाळी सहाला इस्त्री घेऊन बसणारा माणूस नशिबावर विसंबलेला असतो. इस्त्रीनंतर पंधरा मिनिटं हँगरवर निवू द्या, मगच कपाट. गरम कपडा घडी करून ठेवला तर आतली वाफ आतच बसते.

चिऱ्याचं_घर

उत्तम माहिती. तांबड्या मातीच्या डागांचं काय? पांढऱ्या पीटी गणवेशाची शाळेच्या मैदानावर पार वाट लागते. ब्लीच घातलं की डाग जास्तच पिवळा-तपकिरी होतो असं का?

इस्त्रीपेटी

कारण आपली जांभ्याची माती लोहाची आहे, तिचा रंगच लोखंडाच्या गंजाचा. क्लोरीनचं ब्लीच गंज काढत नाही, उलट पक्का करतं. त्याला आंबटच लागतं.

आधी माती काढा, मग डाग. ओल्या चिखलावर ब्रश घासू नका, कण धाग्यात आत शिरतात. कपडा उलटा करून डागाच्या मागच्या बाजूने नळाची धार सोडा, माती आल्या वाटेने बाहेर पडते. नंतर साध्या साबणाने धुवा. उरलेल्या तांबूस छटेवर लिंबाचा रस आणि चिमूटभर मीठ चोळून अर्धा तास ठेवा. परसात बिंबलीचं (लांबट, आंबट हिरव्या फळाचं) झाड असेल तर लिंबू विकत आणूच नका. एक बिंबल मधोमध चिरून डागावर घासा. मग भरपूर पाण्यात खळबळून काढा, आंबट कपड्यात राहिलं तर सुतावर परिणाम होतो. रंगीत कपड्यावर आधी आतल्या दुमडीवर करून बघा. आणि ब्लीच व आंबट एकाच बादलीत कधीही नको, त्यातून विषारी वायू सुटतो.

चिऱ्याचं_घर

देव बरें करूं!

तांबडी_नदी

रेनकोट. लोक रंग आणि कार्टून बघून घेतात, शिवण कोणी बघत नाही. पाणी कापडातून येत नाही, शिवणीच्या भोकांतून येतं. रेनकोट उलटा करा. शिवणीवर आतून पारदर्शक पट्टी चिकटवलेली दिसली पाहिजे. दुकानात नाही तर घरी आणल्यावर खांद्याच्या खोळीत तांब्याभर पाणी ओतून दोन मिनिटं धरा. ठिबकला तर बदलून आणा, बिल त्यासाठीच ठेवायचं.

माप दप्तर पाठीला लावून घ्यायचं. पाठीवर कुबड असलेला, म्हणजे दप्तरासाठी जागा सोडलेला घ्या. लांबी गुडघ्याच्या जरा खाली. घोट्यापर्यंतचा घेतला की बालरथाच्या (शाळेच्या बसच्या) पायरीवर मूल त्याच्यावरच पाय देऊन पडतं. 'दोन वर्षं चालेल' म्हणून मोठा घेण्यातली बचत इथे महागात पडते. टोपी पुढे ओढणारी नको, बाजूचं वाहन दिसत नाही. रंग पिवळा, भगवा, पोपटी. गडद निळा आणि करडा मुसळधार पावसात रस्त्यावर दिसतच नाही.

दप्तरावर नुसतं कव्हर घालणाऱ्यांनी लक्षात घ्या: कव्हर पाठीच्या बाजूने उघडं असतं. मुलाच्या मानेवरून ओघळलेलं पाणी तिथूनच आत जातं. म्हणून वह्या-पुस्तकं दप्तराच्या आत एका झिपच्या प्लास्टिक फोल्डरमध्ये. दुसरी एक जाड रिकामी पिशवी ओला रेनकोट ठेवायला, नाहीतर शाळेत उतरवलेला रेनकोट घरी येताना दप्तरातच निथळतो.

म्हापशाला जाणार असाल तर मेअखेरच्या शुक्रवारच्या बाजारात पुरुमेतासोबतच हे घेऊन टाका. पहिल्या सरीनंतर मुलांची मधली मापं आधी संपतात.

छत्रीपंथी

रेनकोटात मूल आतून घामाने भिजतं, त्यापेक्षा छत्री बरी. आमच्या पिढ्या छत्रीवरच शिकल्या.

तांबडी_नदी

तिसरी-चौथीपुढे आणि पायी जाणाऱ्याला छत्री चालेल. त्याआधी नाही. एका हातात छत्री, दुसऱ्यात बाटली, मग बसचा दांडा धरायला हात कुठला? दुचाकीवर तर छत्री कोणीच उघडू नये, वाऱ्याने ओढली की तोल गेलाच. घामाचं म्हणणं खरं आहे. काखेत जाळी आणि पाठीवर झडप असलेला रेनकोट घेतला की बराच फरक पडतो.

छत्रीपंथी

दांड्याचा मुद्दा मान्य. पायी जाणाऱ्यांचा मी सोडत नाही.

पोदेराची_सायकल

डब्याकडे वळू. आपल्याकडे बहुतेक शाळा दुपारी एक-दीडला सुटतात, म्हणजे डबा हे जेवण नाही, मधल्या सुट्टीचं खाणं आहे. लोक इथे चुकतात: तीन चपात्या, भाजी, फळ, लाडू. पंधरा-वीस मिनिटांत सहा वर्षांचं मूल एवढं खातच नाही. अर्धी पोयी (कोंड्याचा गोल, पोकळ पाव) आणि दोन मोठे चमचे सुकी भाजी, नाहीतर दोन लहान घावणे, नाहीतर तीन सान्नां (इडलीसारखी वाफवलेली), आणि वर केळ्याचा तुकडा. बस्स. उरून आलेला डबा ओरडण्यासाठी नाही, मोजण्यासाठी असतो. तीन दिवस अर्धा परत आला तर अर्धाच द्या.

पोयी डब्यासाठी पावापेक्षा बरी. आत पोकळ असते, कापून खिसा करता येतो, भाजी सांडत नाही आणि कोंड्यामुळे पोटाला आधार राहतो. पण सकाळी पोदेराकडून (पाववाल्याकडून) घेतलेली गरम पोयी तशीच डब्यात कोंबली तर दहापर्यंत लिबलिबीत होते. हाच नियम चपातीला: जाळीवर दहा मिनिटं निवू द्यायची, मग डबा. झाकणाच्या आत पाण्याचे थेंब दिसले की समजा घाई झाली.

पावसाळी दमट हवेत ओल्या नारळाची कच्ची चटणी डब्यात देऊ नका, चार तासांत आंबते. खोबरं घालायचंच असेल तर भाजीत शिजवून, पाणी आटेपर्यंत परतून. तोणाक (कडधान्याची नारळ घातलेली रस्सेदार भाजी) द्यायचं तर चमचा उभा राहील इतकं घट्ट. अळसांदे (चवळीच्या जातीचं कडधान्य) आदल्या रात्री भिजवले तरी सकाळी कुकरला पाच-सहा शिट्या लागतात, म्हणून आदल्या रात्रीच शिजवून फ्रिजमध्ये ठेवा आणि सकाळी पुरते उकळून, परतून भरा.

नवीन डबा पहिल्या दिवशी शाळेत उघडायला लावू नका. आठवडाभर घरी त्याच डब्यात खायला द्या, बाटलीही तीच. चार क्लिपांचे घट्ट डबे पाच वर्षांच्या बोटांना उघडत नाहीत. मूल लाजून सांगत नाही आणि उपाशी येतं.

दोन_वेण्या

बाटलीच्या झाकणातल्या रबरी कडीबद्दलही लिहा कोणीतरी. बाटली रोज घासतात, ती कडी महिनोन् महिने कोणी काढत नाही.

पोदेराची_सायकल

अगदी. आठवड्यातून एकदा सुरीच्या बोथट टोकाने कडी काढायची, गरम पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून अर्धा तास ठेवायची, जुन्या दातब्रशने खाच घासायची आणि पूर्ण वाळल्यावर बसवायची. काळे ठिपके राहिले तर कडी बदला. स्ट्रॉची बाटली पावसाळ्यात घेऊच नये असं माझं मत. आतून वाळत नाही.

आगोटकर

दप्तराच्या वजनाचा नियम राहिला. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात मुलाच्या वजनाच्या १० टक्के ही मर्यादा आहे: पहिली-दुसरीला १.६ ते २.२ किलो, तिसरी ते पाचवीला १.७ ते २.५ किलो. बालवाडीला दप्तरच नाही. मोजायला स्वतः काट्यावर उभे राहा, मग दप्तर घेऊन उभे राहा, आणि वजाबाकी करा. १८ किलोच्या मुलाला १.८ किलो. त्यात अर्धा लिटरची भरलेली बाटलीच अर्धा किलो खाते. शाळेत पिण्याच्या पाण्याची बरी सोय असेल तर बाटली अर्धीच भरून द्या.

फळा_खडू

चौथी मराठीतून करून पाचवीत जाणाऱ्यांबद्दल कोणी लिहिलं नाही. आपल्याकडे प्राथमिक मराठी-कोकणीतून आणि पाचवीपासून बहुतेकांचं माध्यम इंग्रजी. मुलाला गणित येत असतं, गणिताचे शब्द येत नसतात. घरचे घाबरून जूनमध्येच शिकवणी लावतात. त्याआधी हे करा.

एक वही घ्या, पानाच्या मधोमध रेघ. डावीकडे बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, बाकी, अपूर्णांक, अंश, छेद, सम, विषम, कोन, परिमिती, लसावि, मसावि. उजवीकडे अडिशन, सबट्रॅक्शन, मल्टिप्लिकेशन, डिव्हिजन, रिमेंडर, फ्रॅक्शन, न्यूमरेटर, डिनॉमिनेटर, ईव्हन, ऑड, अँगल, पेरिमीटर, एलसीएम, एचसीएफ. इंग्रजी शब्द इंग्रजी लिपीतच लिहायला लावा, कारण फळ्यावर तसाच दिसणार आहे. रोज पाचच. पाचवीच्या गणिताला लागणारे बहुतेक शब्द तीन आठवड्यांत होतात.

खरी मेख आकड्यांत आहे. मराठीत आपण एकक आधी बोलतो: सत्तेचाळीस म्हणजे सात आणि चाळीस. इंग्रजीत चाळीस आधी, सात नंतर. शिक्षक 'फॉर्टी सेव्हन' म्हणाले की मूल मनात मराठी करायला जातं आणि ७४ लिहून मोकळं होतं. त्याला वाटतं गणित चुकलं. चुकलेलं असतं ऐकणं. रोज दहा आकडे इंग्रजीत बोला, त्याने फक्त लिहायचे. सुरुवात २१ ते ९९ मधल्या उलटसुलट होणाऱ्या जोड्यांनी करा: २७-७२, ३८-८३, ४६-६४. शंभरापुढे नंतर.

ज्यांचं गणित देवनागरी अंकांत झालंय त्यांचा आणखी एक घोळ: इंग्रजी नऊ आपल्या १ सारखा दिसतो, इंग्रजी आठ आपल्या ४ च्या जवळ जातो. पहिला महिना उतरवून घेताना होणाऱ्या चुका बघा आणि त्यांना 'अभ्यास नाही' असं म्हणू नका.

चिऱ्याचं_घर

हा प्रतिसाद वेगळा धागा करण्याच्या लायकीचा आहे.

हळद_कुंडी

बालवाडीत पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी थोडक्यात. निरोप लहान आणि रोज तोच. एक मिठी, 'डबा खाऊन झाला, गाणं झालं की मी येते', आणि पाठ फिरवायची. 'एक वाजता' हे तीन वर्षांच्या मुलाला कळत नाही, 'गाण्यानंतर' कळतं. मूल खेळात असताना गुपचूप सटकू नका. दुसऱ्या दिवशी ते खेळायलाच जात नाही, हात धरून बसतं. रडणं बघून परत फिरलात तर उद्या दुप्पट वेळ रडेल, कारण रडल्यावर आई येते हे त्याला कळलेलं असतं. आणि पहिला आठवडा छान गेला म्हणून हुरळू नका, दुसरा सोमवार बहुधा जड जातो. तोवर नवलाई संपलेली असते.

चड्डी इलॅस्टिकची, बटण-हुकाची नाही. शाळेत भारतीय पद्धतीचा संडास असेल आणि घरी कमोड असेल तर उकिडवं बसण्याचा सराव आत्ताच. मूल धरून ठेवतं, त्यातून बद्धकोष्ठ आणि लघवीचा जंतुसंसर्ग होतो. घरून निघताना आणि घरी आल्या आल्या, दोन्ही वेळा पाठवा.

उवा: शाळा सुरू झाल्यावर दर चार दिवसांनी ओल्या केसांना कंडिशनर लावून बारीक फणीने विंचरा, फणी पांढऱ्या कागदावर पुसा. लिखा साधारण ७ ते १० दिवसांत फुटतात. म्हणून औषध एकदा लावून थांबलात तर पुन्हा होतातच, ९-१० दिवसांनी दुसरी फेरी लागते. ताप असेल तर औषधाशिवाय पूर्ण २४ तास उतरलेला असल्याखेरीज शाळेत नको. सकाळी गोळी देऊन पाठवलेलं मूल दहा वाजता वर्गात तापतं आणि शेजारच्या चौघांना देतं.

छत्रीपंथी

बूट राहिले. दुपारी भिजून आले, सकाळी तेच घालायचे आहेत. काय करावं?

इस्त्रीपेटी

आधी शाळेला विचारा. पावसाळ्यात बऱ्याच शाळा काळ्या रबरी सँडलला परवानगी देतात. मागे पट्टा असलेली घ्या, साध्या चपलेने चिखलाचे शिंतोडे थेट पाठीपर्यंत उडतात.

बूटच हवे असतील तर: नाड्या आणि आतला तळवा काढा, जीभ बाहेर ओढा. वर्तमानपत्राचे सैल गोळे आत भरा. गच्च भरले तर हवा खेळत नाही. पहिले गोळे अर्ध्या तासाने बदला, दुसरे दोन तासांनी, तिसरे झोपताना. बूट आडवे ठेवून तोंड टेबलपंख्याकडे करा. चुलीजवळ, गॅसवर किंवा इस्त्रीखाली नको, डिंक सुटून तळ उघडतो. आतला तळवा वेगळा, उभा करून वाळवा. सगळ्यांत जास्त पाणी तोच धरतो. सकाळी बोट आत घालून अंगठ्याच्या जागी दाबून बघा. तिथे गार लागलं तर अजून ओलं आहे, कोरडे मोजे घाला आणि दुसरी जोडी दप्तरात द्या.